सहलीला कुठं जायचं, हे कोण ठरवणार?

दुपारची भांडी आवरून, नाहीतर शेळ्या दावणीला बांधून ऐकायला बसला असाल. आज हप्ता, व्याज, बँक जोडणी यातलं काही बोलायचं नाही असं ठरवून आलोय. आज बोलायचंय सहलीबद्दल. हसू नका. सहल हा बचत गटाचा विषय आहे का, असं आम्हांला आमच्याच ग्रामसंघात एकीनं विचारलं होतं. आहे की! जिथं पैसा आहे, वेळ आहे आणि ठरवण्याचा अधिकार आहे, तो गटाचाच विषय.

आम्ही माणदेशातल्या. तीन गट, मिळून एकतीस बाया. सगळ्यांत लहान तेवीस वर्षांची, सगळ्यांत मोठ्या आक्का अडुसष्टच्या. आमच्याकडं बाईची सुट्टी म्हणजे माहेर. दिवाळीला चार दिवस, पंचमीला दोन दिवस. आईवडील असेपर्यंत तेही. भावजयीचं राज्य आलं की ते दोन दिवसही पाहुण्यासारखे होतात. दुसरी सुट्टी म्हणजे देव. शिंगणापूरची यात्रा, म्हसवडच्या सिद्धनाथाची यात्रा, पंढरीची वारी. आणि तिसरी सुट्टी म्हणजे दवाखाना. एका मामींनी तर सरळ सांगितलं, गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस निजून होते, तेवढीच काय ती माझी सुट्टी. सगळ्या हसल्या, पण मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्याच बैठकीत ठरलं की वर्षातून एकदा बायांनीच, बायांबरोबर, कुठंतरी जायचं. पण कुठं?

पहिल्यांदा विचारलं तेव्हा एकतीसपैकी वीसजणींचं एकच उत्तर, "तुम्ही ठरवा." अध्यक्ष म्हणाल्या, पंढरपूर-तुळजापूर करू. हात वर करा म्हटल्यावर अठ्ठावीस हात वर. ठराव लिहायला सचिवानं वही उघडलीही होती. पण ज्यांनी बैठका घेतल्यात त्यांना ठाऊक असतं की हात कसे वर होतात. अध्यक्षांचा हात वर गेला की जावेचा जातो, जावेचा गेला की शेजारणीचा जातो. सासू आणि सून एकाच गटात असतील तर सून आधी सासूकडं बघते. गाव लहान, उद्या पाण्याला एकाच नळावर यायचंय. कोण कशाला वेगळा हात करेल?

म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही दुसरी रीत केली. गटाच्या प्रशिक्षणात दाणे ठेवून मत घ्यायची पद्धत शिकवतात, तीच. पण त्याच्याही आधी एक प्रश्न विचारला. कुठं जायचं ते नको सांगू. तुला काय करायचंय, काय बघायचंय, ते सांग. एकेकीनं सांगायचं, मधे कुणी बोलायचं नाही.

मैत्रिणींनो, काय काय निघालं म्हणून सांगू! एक म्हणाली, मला तयार ताट समोर यावं, मी नुसतं जेवून हात धुवावा. एक म्हणाली, मला सकाळी सातपर्यंत झोपायचंय. आमच्या आक्का म्हणाल्या, "मला नुसतं बसायचंय. पुढं बघत. कुणी ऊठ म्हणू नये." एकीचा नवरा माथाडी कामगार. ती सहा वर्षं नवी मुंबईत राहून आली. ती म्हणाली, समुद्र खाडीपुलावरून गाडीतून दिसायचा, तेवढाच. मुलं, डबे, पाणी, कधी काठावर जाऊन उभी राहिलेच नाही. एकीचा नवरा गलाईच्या कामाला पार दुसऱ्या राज्यात. तिला फक्त फार लांब गाडीत बसायचं होतं. तो जातो तसं. आणि एकीला बघायचं होतं, ही कृष्णा निघते तरी कुठून. तिच्या पाण्याच्या योजनांचं आपल्या माण-खटावात इतकी वर्षं ऐकतोय, मतं देतोय, ती जिथं सुरू होते ती जागा एकदा डोळ्यानं बघावी म्हणाली.

आमच्यातल्या दोघी-तिघी बी.ए. झालेल्या आहेत. भूगोलात भरती-ओहोटी पाठ करून मार्क घेतलेत. समुद्र मात्र पुस्तकातच.

यावरून सात ठिकाणं निघाली. सात वाट्या मांडल्या. सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक वाटीपुढं कागदावर चित्र. विठ्ठलाला विटेवरचे दोन पाय काढले, ते सगळ्यांनी लगेच ओळखलं. समुद्राला लाटा. रायगडाला गड. कोल्हापूरला अंबाबाईचं देऊळ. महाबळेश्वरला गाईच्या मुखातून पडणारं पाणी. वेरूळला लेणं. आणि नायगावला पाटी-पेन्सिल, कारण ते सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. प्रत्येकीला हरभऱ्याचे पाच दाणे. हवं तर पाचही एका वाटीत टाक, हवं तर वाटून टाक. वाट्या खोलीत आणि खोलीत एका वेळी एकच बाई. बाकीच्या बाहेर चहा पीत.

मग सगळ्यांसमोर मोजले. एकतीस पंचे एकशे पंचावन्न दाणे. समुद्र ५८. पंढरपूर ३१. महाबळेश्वर २४. रायगड १९. कोल्हापूर १२. वेरूळ ७. नायगाव ४.

आधीच्या बैठकीत अठ्ठावीस हात पंढरपूर-तुळजापूरला होते, बरं का.

अध्यक्ष जरा गप्प झाल्या. दोन म्हाताऱ्या सरळ रागावल्या. देवाला सोडून पाण्यात खेळायला जायचं वय आहे का म्हणाल्या. दाणे मोजले, विषय संपला असं म्हणता आलं असतं, पण तसं केलं नाही. एकतीस दाण्यांमागं पाच-सहा बायांचा जीव होता. मतानं जिंकता येतं, बरोबर नेता येत नाही. म्हणून तिसरी बैठक घेतली आणि एकेका ठिकाणाचा हिशेब मांडला. हा भाग जरा नीट ऐका, तुमच्या कामाचा आहे.

पंढरपूर आम्हांला जवळ. तिथं बहुतेकींचं वर्षाला एकदा तरी जाणं होतंच. घरचेही जाऊ देतात. म्हणजे ज्या ठिकाणासाठी गटाची गरज नाही, ते ठिकाण गटाच्या सहलीत कशाला घालवायचं, हा मुद्दा एका विठ्ठलभक्त मावशींनीच काढला. त्यांचं म्हणणं बाकीच्यांना पटलं, आमचं पटलं नसतं. तुळजापूरला जोडून गाणगापूर करू असंही कुणीतरी म्हणालं. तिथं लक्षात ठेवायची गोष्ट, गाणगापूर कर्नाटकात आहे आणि एसटीत बायांना अर्धं तिकीट लागतं ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. पुढचं पूर्ण भरावं लागतं.

महाबळेश्वर आपल्याच जिल्ह्यात. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम तिथं मानतात. जागा सुंदर, पण थंडीत म्हाताऱ्यांचे गुडघे धरतात, आणि हंगामात खोल्यांचे भाव ऐकून आम्ही फोनच ठेवला. ते उन्हाळ्याआधी एका दिवसात जाऊन यायचं ठिकाण म्हणून बाजूला ठेवलं.

रायगडाला हजाराच्या वर पायऱ्या. रोपवे आहे, पण त्याचं तिकीट वेगळं. खाली पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली रायगडावर झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत जिजाऊ पाचाडला गेल्या. आणि तिथंच हिरकणीचा बुरूज. दूध घालायला गेलेली, दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून आलेली गवळण. गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. दुधाचा विषय निघाल्यावर एक तरुण सून म्हणाली, "बघा, तेव्हापासून बाईला संध्याकाळच्या आत घरी यावंच लागतंय." तिला बैठकीत टाळ्या मिळाल्या. सासू शेजारीच होती, तिनंही हसून घेतलं.

वेरूळ फार लांब. जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. भाडं भरून जायचं आणि कुलूप बघून यायचं असं नको.

राहिला समुद्र. आणि समुद्रच म्हटल्यावर गणपतीपुळे. तिथं गणपतीही आहे आणि समुद्रही, दोन्ही एकाच अंगणात असल्यासारखे. डोंगरालाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा त्या सगळ्या डोंगराला घालायची. रागावलेल्या दोघींना प्रदक्षिणेचं कळल्यावर त्या जरा सैल झाल्या. एकीनं विचारलं, चपला काढून घालायची का? तेव्हाच आम्ही ओळखलं, ह्या येणार.

पण देवस्थान म्हटलं की आणखी एक गोष्ट येते, ती कुणी मोठ्यानं बोलत नाही. पाळी. देवाची सहल ठरली की बाया औषधाच्या दुकानातून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणतात. स्वतःला, सुनेला, मुलीलासुद्धा देतात. दुकानदार चिठ्ठी मागत नाही, पानाच्या पुडीसारख्या देतो. त्या गोळ्या हार्मोनच्या असतात. ज्यांना रक्तदाब आहे, पायाच्या शिरेत कधी गाठ झालीय, यकृताचा त्रास आहे, अंगावरून जास्त जातंय पण कारण माहीत नाही, त्यांनी त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. बाकीच्यांनीही विचारूनच घ्याव्यात. आमच्या बैठकीत यावर तास गेला. शेवटी असं ठरलं की सहलीसाठी कुणीही गोळी घ्यायची नाही. जिला देवळात जायचं नसेल किंवा जावंसं वाटत नसेल, तिनं समुद्रावर बसावं. का बसली, हे कुणी विचारायचं नाही. आणि जिला तरीही देवळात जावंसं वाटेल तिचं ती बघेल, तिच्यामागंही चौकशी नको. हा ठराव वहीत लिहिलाय, सह्यांसकट. अंगठेही आहेत.

दुसरा ठराव विधवा बायांचा. आमच्यात अशा सहाजणी. त्यातल्या दोघी म्हणत होत्या, आम्हांला कशाला नेता, तुम्हां सवाष्णींत आमचं काय. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो राज्यभर गाजला. आपल्याला सहलीपुरता तरी करता येईल की नाही? ठरवलं की कुंकू लावायचं तर सगळ्यांना विचारायचं, फूल घ्यायचं तर सगळ्यांना, फोटोत मागं कुणी उभं राहायचं नाही. ज्या नको म्हणतील त्यांच्यावर जबरदस्ती नाही. दोघींपैकी एकीनं गजरा घेतला. एकीनं नाही घेतला.

आता पैसा. इथं आमचं एकमत लगेच झालं नाही. एकीचं म्हणणं, गटातूनच कर्ज घेऊ, नंतर फेडू. दोन-तीनजणी तिच्या बाजूनं. पण गटाचा पैसा बी-बियाणाला, शेळीला, पोरांच्या फीला फिरतो. सहलीला दिला तर पेरणीच्या वेळी जिला खरी गरज आहे तिला "पेटी रिकामी" म्हणून सांगावं लागेल. आणि सहलीचं कर्ज घरात कळलं की पुढची सहल तिथंच संपली. म्हणून वेगळी पेटी केली. गटाच्या नेहमीच्या बचतीला हात नाही. आठवड्याला तीस रुपये, छत्तीस आठवडे. एकीचे १,०८०. एकतीसजणींचे ३३,४८० व्हायला हवे होते. ऊसतोडीला गेलेल्या, आजारपणात अडकलेल्या अशा सातजणींचे मिळून अठ्ठेचाळीस आठवडे भरायचे राहिले. म्हणजे १,४४० कमी. जमले ३२,०४०.

खर्च एकीला १,१५० असा धरला. एसटीचं जाऊन-येऊन अर्धं तिकीट ५२०, एक रात्र राहणं २५०, दोन दिवसांची तीन जेवणं २६०, तिथली रिक्षा ८०, किरकोळ ४०. पहिल्या दिवसाची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा घरून. एकतीसजणींचे ३५,६५०. म्हणजे ३,६१० कमी पडत होते. ते चैत्रातल्या यात्रेत चटणी-पापडाचा ठेला लावला त्यातून आले. खर्च वजा जाता ३,९०० उरले होते. त्यातून ज्यांचे आठवडे चुकले त्यांचीही भर झाली. कुणाचे किती चुकले हे फक्त सचिव आणि खजिनदार यांना ठाऊक, बैठकीत नावं वाचली नाहीत. शेवटी २९० रुपये शिल्लक राहिले, ते पेटीत तसेच आहेत.

तिकिटाचं सांगायचं राहिलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायांना निम्मं तिकीट आहे. पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना तर तिकीटच नाही, आधार कार्ड दाखवायचं. आमच्यात तेवढ्या वयाची कुणी नव्हती, तुमच्यात असेल तर हिशेबात धरा. काहीजणी म्हणाल्या की अख्खी गाडीच करू, आपल्या आपण गाणी म्हणत जाऊ. मजा आली असती. पण पूर्ण गाडी घेतली की हिशेब किलोमीटरवर होतो. शिवाय खाजगी गाडीवाले गावातलेच कुणाचे तरी दीर-भाचे, मग ते कुठं थांबायचं, किती वाजता निघायचं हे तेच ठरवणार. आम्हांला साध्या एसटीनं, साताऱ्याला गाडी बदलत, रत्नागिरीवरून जायचं होतं.

एसटी घ्यायचं आणखी एक कारण होतं. ते म्हणजे दूध.

तुमच्या घरी गाय असेल तर सांगायला नको. सकाळ-संध्याकाळ धार. डेअरीची वेळ चुकली की दूध घरात. आणि आमच्याकडच्या बऱ्याच गाईंना बाईचाच हात कळतो, पुरुष बसला की पान्हा चोरतात. ठिकाण, पैसा, घरच्यांची संमती, सगळं जमलं तरी गाय जाऊ देत नाही! एकतीसजणी एका दिवशी गेल्या असत्या तर निम्म्या गावाचं दूध बसलं असतं. म्हणून दोन तुकड्या केल्या. सोळाजणी पहिल्या आठवड्यात, पंधराजणी दुसऱ्या. प्रत्येकीला एक जोडीदारीण, जी दुसऱ्या तुकडीत. ही गेली की तिनं हिची धार काढायची, शेळ्या बघायच्या. ती गेली की हिनं. जायच्या आधी आठ दिवस जोडीदारणीनं येऊन गाईच्या अंगावरून हात फिरवायचा, म्हणजे गाईला ओळख. आणि सासू एका तुकडीत, सून दुसरीत. दोघींनीही घर सोडलं आणि दोघींनीही मोकळेपणानं दिवस घालवले. एकत्र गेल्या असत्या तर सुनेनं तिथंही सासूचा चहाच बघितला असता.

घरी काय सांगायचं, हाही बैठकीतलाच विषय. "जाऊ का?" असं विचारलं की उत्तर "बघू" येतं आणि बघू म्हणजे नाही. म्हणून सगळ्यांनी एकच वाक्य ठरवलं, "गटाची सहल आहे, बुधवारी जाऊन गुरुवारी रात्री परत येणार, धार अमकी काढणार आहे." विचारायचं नाही, सांगायचं. तारीख, वार, धारेची सोय, सगळं एका दमात. तरी दोन घरांत अडलं. एका घरी आम्ही चारजणी जाऊन बोललो, तिथं पटलं. दुसऱ्या घरी नाही पटलं. ती बाई आली नाही. तिचे १,०८० रुपये तिला परत देऊ केले, तिनं घेतले नाहीत. पुढच्या वर्षासाठी ठेवा म्हणाली. त्यामुळं दुसऱ्या तुकडीत पंधराऐवजी चौदाच गेल्या. तिच्या हिशेबाचे जे पैसे आहेत ते तिच्या नावानं वेगळे लिहून ठेवलेत.

दिवस कुठले निवडायचे तेही सांगते सगळ्यांच्या वतीनं. बाजरी घरात आलेली, शाळू उभा, पोरांच्या परीक्षांना अजून अवकाश, म्हणजे जानेवारी. दिवाळीची सुट्टी, नाताळचे दिवस आणि शनिवार-रविवार नको, तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दीडपट भाव. चतुर्थी बघून टाळायची, गणपतीपुळ्याला त्या दिवशी रांगच रांग. माघी गणेशजयंतीही बघा. म्हणून मधला बुधवार-गुरुवार. खोली फोनवर ठरवताना माणशी भाव विचारा, एका खोलीत किती जणी चालतील आणि अंघोळीला गरम पाणी आहे का ते विचारा. स्वच्छतागृह खोलीला लागून आहे का, हे आधी विचारा. रात्री अनोळखी जागी म्हाताऱ्यांना बाहेर जायला लागू नये.

आता समुद्र. आम्ही कोरड्या मुलखातल्या, आम्हांला पाणी म्हणजे तलाव नाहीतर कालवा. समुद्राची रीत वेगळी. दिवसातून साधारण दोनदा भरती, दोनदा ओहोटी. भरतीला पाणी चढत येतं, सहा-एक तासांनी ओसरायला लागतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती मोठी असते, त्याला उधाण म्हणतात. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला सपाट, पण पाणी लवकर खोल होतं आणि मागं ओढतं. तिथं माणसं बुडालेली आहेत, तसे फलक लावलेत. आमचा नियम घोट्याइतक्या पाण्याचा. फार तर पोटरी. लुगडं ओलं झालं की त्याचं ओझं केवढं होतं हे विहिरीत उतरलेल्यांना ठाऊक आहे. चौघी-चौघींनी हात धरून उभं राहायचं, ओहोटीला तर अजिबात पुढं जायचं नाही. सोबत लेकरं नव्हती, त्यामुळं निम्मी काळजी कमी.

गेलो तेव्हाचं सगळं सांगत बसत नाही, वेळ कमी आहे. आंबा घाटात चौघींना उलट्या झाल्या, लिंबू आणि आवळासुपारी ठेवा. रत्नागिरीवरून पुढं जाताना पहिल्यांदा पाणी दिसलं तेव्हा गाडीत एकदम शांतता झाली. एक मामी म्हणाल्या, "एवढं पाणी आणि पिता येत नाही व्हय?" आणि तळहातावर घेऊन चाखून बघितलंच त्यांनी संध्याकाळी, तोंड वाकडं करून. ज्या रागावल्या होत्या त्या दोघींनी डोंगराची प्रदक्षिणा दोनदा घातली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मालगुंडला गेलो, तिथं कवी केशवसुतांचं जन्मघर आहे. १८६६ सालचा त्यांचा जन्म. कौलारू घर, शेणानं सारवलेली जमीन. एकीनं खाली बसून सारवण बघितलं आणि म्हणाली, हात चांगला आहे कुणाचा तरी.

आणि आक्का. त्या वाळूवर जाऊन बसल्या त्या दुपारी चारला. चहाला बोलावलं, आल्या नाहीत. चहा तिथंच नेऊन दिला. सूर्य बुडाला, अंधार पडायला लागला तरी बसलेल्या. आम्ही लांबून लक्ष ठेवून होतो, पण ऊठ म्हणालो नाही. सात वाजून गेल्यावर आपल्या आपण उठल्या, लुगड्याची वाळू झटकली आणि म्हणाल्या, जेवायला काय आहे?

परत आल्यावर बैठकीत एक तक्रार आली, तीही सांगायला हवी. तीन नवऱ्यांचं म्हणणं, दोन दिवस डबा नीट मिळाला नाही. त्यातल्या एकाला आता खिचडी करता येते असं कळलं. दुसरं म्हणजे एका गाईनं जोडीदारणीला लाथ मारली. दूध सांडलं अडीच लिटर, त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर वाद झाला. शेवटी निम्मे-निम्मे केले. पुढच्या वेळी पेटीतून द्यायचे असं लिहून ठेवलंय.

नायगावचे चार दाणेही वाया घालवायचे नाहीत असं ठरलं आहे. आपल्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात आहे, लोणंदकडून एका दिवसात जाऊन येता येतं. सावित्रीबाईंचं घर जपून ठेवलंय. ३ जानेवारीला जयंतीची मोठी गर्दी असते, तेव्हा आम्ही फेब्रुवारीतला एखादा मंगळवार बघतोय. त्यासाठी वेगळी पेटी नको, तिकिटापुरते पैसे आणि भाकरी. ते चार दाणे कुणाचे होते हे अजून कळलं नाही. विचारायचंही नाही असा नियम आहे.

यंदाची मोठी सहल अजून ठरायची आहे. पेटीत २९० शिल्लक आणि मागच्या वर्षी न आलेल्या ताईंचे पैसे वेगळे. आठवड्याला पस्तीस करायचे का तीसच ठेवायचे, यावर पुढच्या सोमवारी बोलायचंय. वाट्या यंदा आठ मांडणार आहोत. आठवी रिकामी, पुढं कोरा कागद. जिच्या मनातलं ठिकाण सातांत नसेल तिनं त्यात दाणा टाकायचा आणि बाहेर येऊन सांगायचं, नाहीतर चित्र काढायचं. तुमच्या गटात असं काही करणार असाल तर दाणे हरभऱ्याचे घ्या. आम्ही आधी ज्वारीचे घेतले होते, मोजता मोजता डोळे दुखले आणि दोन दाणे कोंबडीनं खाल्ले.